माझी बॅग, त्यांचा खांदा

नोकरी संपल्यावर मी कॅमेरा घेतला. तीस वर्षं कचेरीत बसून लोकांना त्यांच्या जमिनींच्या कागदांच्या नकला दिल्या होत्या. आता जरा बाहेर पडून काही बघावं, एवढंच मनात होतं. सुरुवात अंगणातल्या जास्वंदीवर येणाऱ्या शिंजीर पक्ष्यापासून झाली. मग भाट्याच्या खाडीतले बगळे, मग थंडीत किनाऱ्यावर उतरणारे कुरव. वर्षभरात मला लांबचं टिपणारी मोठी लेन्स लागली, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या, बारीक फुलांसाठी दुसरी लागली, ट्रायपॉड लागला. छंद वाढला तसं सामान वाढलं.

यजमान त्याच सुमारास जहाजावरून कायमचे घरी आले होते. खलाशी म्हणून लागले होते आणि सारंग म्हणून उतरले, म्हणजे डेकवरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. आमच्या संसाराची निम्म्याहून जास्त वर्षं ते समुद्रावर आणि मी रत्नागिरीत, अशी गेली. मुलगी मोठी झाली, शिकली, लग्न होऊन पुण्याला गेली, आणि मग आम्ही दोघंच घरात एकमेकांसमोर बसलो. भांडण नव्हतं, पण दोघांनी मिळून करायची अशी एकही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. मी कॅमेरा घेऊन बाहेर पडायला लागले, तेव्हा ते म्हणाले, मीही येतो, घरी बसून काय करू. तेव्हापासून दर रविवारी आम्ही स्कूटरवरून निघायचो.

बॅग लेकीने पाठवली. वाढदिवसाची भेट. काळी, उंच, आत कप्प्यांवर कप्पे, खाली पावसाचं झाकण, बाजूला ट्रायपॉड अडकवायचे पट्टे. मी ती पाहून इतकी हरखले की अंगणात शेजारणींना बोलावून दाखवली. यजमानांनी ती दोन्ही हातांनी उचलली, खाली ठेवली आणि म्हणाले, ‘भक्कम आहे.’

बॅग भरायचं काम त्यांनीच आपल्याकडे घेतलं. जहाजावरचा माणूस, त्यांना सामान लावायची हौस. रविवारी सकाळी बॅग दाराशी तयार असायची. स्कूटरवर ती त्यांच्या पायांपाशी, गाडी लावली की त्यांच्या पाठीवर. मी कॅमेरा गळ्यात अडकवून पुढे चालायला लागायची. आरे-वारेच्या वळणावरून खाली वाळूत उतरायचं असो की सड्यावर मैलभर जायचं असो, बॅग मागून यायची. मी हात मागे केला की त्यात हवी ती लेन्स पडायची. काम झालं की ते बॅग पुन्हा पाठीवर घ्यायचे, घरी आल्यावर खुंटीला लावायचे. पाच वर्षांत ती बॅग मी स्वतःच्या पाठीवर एकदाही घेतली नाही. हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

एवढंच वाटायचं, की बाहेर गेल्यावर यजमान फार गप्प असतात. मी म्हणायची, ‘बघा, तो समुद्रगरुड.’ ते नुसती मान हलवायचे. एखाद्या खडकावर बसून राहायचे. मला वाटे, उभा जन्म समुद्रावर काढला, यांना कसलं आलंय कौतुक. माझ्यासाठी येतात, हेच खूप.

मागच्या आषाढात त्यांना हर्निया निघाला. डॉक्टरांनी पडदा ओढून तपासलं, बाहेर येऊन विचारलं की हे जड काही उचलतात का. यजमान आतूनच ‘नाही’ म्हणाले. मीही नाहीच म्हणाले, अगदी खात्रीने. डॉक्टर म्हणाले, वयानेही होतं, जहाजावरच्या कामानेही झालेलं असू शकतं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तीन महिने वजन उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी सोडलं.

श्रावण सरत आला आणि सडा फुलला. काळ्या कातळावर निळ्या-जांभळ्या फुलांची चादर पसरते, ती पंधरा-वीस दिवसच असते. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते. यजमान खाटेवर पडून होते. ते म्हणाले, ‘बॅग नको नेऊस. कॅमेरा तेवढा ने.’ मी विचारलं, का. ते म्हणाले, ‘असंच.’ मला वाटलं, आपण बरोबर नाही म्हणून हिरमुसले. मी खुंटीवरची बॅग काढायला गेले आणि ती हातातून सुटून थेट जमिनीवर आली.

तरी मी ती घेतलीच. ईर्ष्येने घेतली. सड्यावर स्कूटर लावून दहा मिनिटं चालले आणि मान आखडली. वीस मिनिटांनी खांद्यांत पट्टे रुतायला लागले. सीतेची आसवं म्हणतात ती निळी फुलं इवलीशी असतात, त्यांच्यासाठी ओल्या कातळावर गुडघे टेकून वाकावं लागतं. मी वाकले, पाठीवरची बॅग एका बाजूला कलली आणि तिच्याबरोबर मीही कलंडले. काही लागलं नाही, पण पाठीवर पडलेल्या कासवासारखी मी तिथे पट्टे सोडवत राहिले. पलीकडे एक म्हातारी गवताचा भारा बांधत होती. ती आली, तिने मला हात देऊन बसवलं, बॅगेकडे बघितलं आणि विचारलं, ‘कुठं निघालीस गो, येवढं बोचकं घेऊन? घरात काय झालं काय?’

मी घर सोडून निघाले नाही, फुलांचे फोटो काढायला आले आहे, हे तिला समजावून सांगितलं. ते तिला पटलं की नाही कोण जाणे. पण ती गेल्यावर मी कातळावर तशीच बसून राहिले. डोक्यात एकच हिशेब चालू होता: पाच वर्षांचे रविवार. त्या दिवशी मी एकही धड फोटो काढला नाही.

घरी आले तेव्हा यजमान ओटीवर खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, ‘तुमचा तो काटा कुठे आहे?’ त्यांच्याकडे सामान तोलायचा एक हुकाचा काटा आहे. जहाजावर जायला विमानाने निघायचे तेव्हा बॅगा तोलायला वापरत. त्यांनी तो कपाटातून काढायला सांगितला. मी बॅग हुकाला लावून दोन्ही हातांनी वर धरली. साडेआठ किलो. मग सगळं बाहेर काढून रिकामी बॅग तोलली. ती एकटीच दोन किलोंच्या वर भरली.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘पहिल्या दिवसापासून.’

‘मग बोलला का नाहीत?’

ते म्हणाले, ‘तू पुढं चालत होतीस. मागं वळून बघायचीस तेव्हा हसत असायचीस. काय बोलायचं गो?’

मी उगाच बॅगेचे कप्पे पुसायला घेतले. बाहेरच्या बाजूच्या एका छोट्या कप्प्यात, जिथे मी कधी हात घातला नव्हता, तिथे दुखण्यावर लावायच्या मलमाची ट्यूब मिळाली. शेपटापासून गुंडाळत आणलेली, अर्ध्याहून जास्त संपलेली. मी डोळ्याला कॅमेरा लावून कुरवांच्या मागे फिरत असायची तेव्हा ते खडकावर बसून खांद्याला मलम लावत असायचे. मी ट्यूब त्यांना दाखवली. ते म्हणाले, ठेव तिथंच, लागेल. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि थोड्या वेळाने बाहेर आले.

हलकी बॅग घ्यायची, हे त्याच दिवशी ठरलं. ती माझ्याच खांद्यावर राहील, हेही मी ठरवलं. ते मात्र मी त्यांना लगेच सांगितलं नाही.

आधी ऑनलाइन मागवून पाहिली. पहिली आली ती इतकी लहान, की मोठी लेन्स घातल्यावर चेन अर्ध्यावर अडली. दुसरी फोटोत फार देखणी होती, वजनालाही कमी. पण तिचे पट्टे सुतळीसारखे बारीक होते, दहा पावलांत खांद्याच्या हाडावर वळ उठला. दोन्ही परत केल्या. लेकीला फोन केला. तिच्या बॅगेबद्दल बोलायचं जिवावर आलं होतं, पण सांगितलं. ती हसायला लागली. म्हणाली, ‘आई, तूच मला यादी पाठवली होतीस. एकूण एक वस्तू मावली पाहिजे, असं खाली दोनदा लिहिलं होतंस.’ खरंच लिहिलं होतं. मग तिने गंभीर होऊन बाबांचं विचारलं, आणि आम्ही दोघी बराच वेळ त्यांच्याबद्दलच बोललो.

बाजारपेठेत एका बोळाच्या तोंडाशी बॅगांचं छोटं दुकान आहे. दुकानदार माझ्याच वयाचे. बरीच वर्षं आखातात बॅगांच्याच दुकानात काम करून परत आलेले. मी कॅमेऱ्याची हलकी बॅग मागितली. त्यांनी एकही बॅग खाली काढली नाही. आधी विचारलं, किती चालता, कुठे चालता, बसून फोटो काढता की उभ्याने, गाडीवर कोण मागे असतं. मग म्हणाले, ‘बाई, सामान घेऊन या. रिकाम्या बॅगेचं वजन सगळ्यांनाच आवडतं.’

म्हणून आधी सामान निवडायला बसलो. ओटीवर चटई टाकून मी सगळं मांडलं. यजमान खुर्चीतून एकेका वस्तूकडे बोट दाखवून एवढंच विचारायचे, ‘शेवटची कधी लागली?’ पक्ष्यांचं जाडजूड पुस्तक: मी ते घरी येऊनच उघडायची. फ्लॅश: उन्हात कशाला? स्टीलचा डबा, थर्मास, दोघांचे रेनकोट, छत्री, टॉर्च, लेन्स पुसायची पाच फडकी. एक तिसरी लेन्स होती, ती दोन वर्षांत बाहेर निघाली नव्हती. तिच्यासाठी मी भांडले. न जाणो, कधी लागली तर? ते म्हणाले, ‘लागली तर तो फोटो राहिला, असं म्हणायचं.’ हे ऐकायला सोपं होतं. मला ती लेन्स कपाटात ठेवायला दोन दिवस लागले. शेवटी उरलं ते असं: कॅमेरा, दोन लेन्स, एक जास्तीची बॅटरी, एक फडकं, पाण्याची बाटली. ट्रायपॉड फक्त खास कामाला न्यायचा असं ठरलं.

मग एके दिवशी हे सगळं कापडी पिशवीत घालून आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकानदारांनी तीन बॅगा काढल्या. प्रत्येकीत सामान भरून माझ्या पाठीवर चढवली आणि म्हणाले, बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन या. पहिल्या फेरीत भाजीवाली ओळखीची निघाली, तिने विचारलं, सहलीला का? त्या बॅगेचं तोंड वरून उघडत होतं. परत आल्यावर दुकानदार म्हणाले, खडकावर उभ्या आहात असं समजून आता लेन्स काढा. मी काढायला गेले तर आधी बाटली, मग फडकं, मग बॅटरी. ती बाद झाली.

दुसरी फेरी संपवून आले तेव्हा थोडी धाप लागली होती. यजमान स्टुलावरून उठले आणि सवयीने त्यांनी माझ्या पाठीवरच्या बॅगेला हात घातला. दुकानदारांनी त्यांचा दंड धरला आणि हळूच म्हणाले, ‘दादा, तुम्ही बसा. ज्याला न्यायची आहे, त्याला चालू दे.’

यजमान बसले. माझ्याकडे बघितलं. बॅग यापुढे माझ्या पाठीवर असणार, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. हात मांडीवर ठेवून ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं. एखाद्याचं काम काढून घेतल्यासारखं वाटलं. पण मी तिसरी बॅग चढवून निघाले.

तिसरीच घेतली. खरं तर ती कॅमेऱ्याची नव्हतीच. डोंगरात फिरायला जाणारी माणसं नेतात तसली, शेवाळी रंगाची, पातळ पण चिवट कापडाची. पट्टे रुंद आणि छातीवर एक बकल, त्यामुळे वाकलं तरी पाठीवर घट्ट बसायची. पुढून पूर्ण उघडायची, पुस्तकासारखी. वजन जेमतेम सहाशे ग्रॅम. खोट एकच: आत गादी नव्हती, कॅमेरा लेन्सवर आपटला असता. दुकानदारांनी ते लपवलं नाही. म्हणाले, आतली गादी कुठून तरी करून घ्या. यजमान पहिल्यांदा बोलले, ‘ती मी करतो.’

त्यांच्या पेटीत जहाजावरची शिवणाची सुई होती, जाड, तीन धारांची, आणि तळहाताला बांधायचा चामडी पट्टा. कॅनव्हासची झाकणं शिवायला हे लागतं. ते त्यात पटाईत होते, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. जुन्या फोमच्या चटईचे तुकडे कापून, माझ्या एका मऊ सुती साडीचं कापड वर चढवून त्यांनी कप्पे शिवले. लेन्स उभी घालून, आडवी घालून, पुन्हा उसवून, चार दिवस ते काम चाललं होतं. मी चहा नेऊन द्यायची आणि समोर बसायची. शिवताना ते जिभेचं टोक ओठांत धरतात, हेही मी तेव्हाच पाहिलं. शेवटी भरलेली बॅग काट्याला लावली. बाटलीसकट सव्वातीन किलो.

पहिल्यांदा ती घेऊन मी एकटीच आरे-वारेला गेले. वाळूत उतरले, वर चढले, पुन्हा उतरले. थोडा वेळ बॅग आहे हेच विसरले. पोरांच्या एका टोळक्याने समुद्रात उड्या मारायला सुरुवात केली. त्यांच्या मागे आभाळ काळंनिळं झालं होतं, आणि ते सगळं एका चौकटीत घ्यायला मला नेमकी कपाटात ठेवलेली तिसरी लेन्स हवी होती. मी उभी राहून ते नुसतं पाहिलं. घरी येऊन यजमानांना सांगितलं, एक फोटो राहिला. ते म्हणाले, कसा होता सांग. मी सांगितला. त्यांनी सगळा ऐकून घेतला.

तीन महिने झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना फिरायची मोकळीक दिली. थंडीतल्या एका दुपारी आम्ही जयगडला गेलो. आता स्कूटर मी चालवत होते, ते मागे. गाडी लावल्यावर मी बॅग पाठीवर घेतली. ते बाटली तरी माझ्याकडे दे म्हणाले, ती दिली. दीपगृहाजवळच्या कातळावरून आम्ही चालायला लागलो आणि पन्नास पावलं गेलो नसू, तोच ते बोलायला लागले.

समोर बंदराकडे एक अवजड मालवाहू जहाज येत होतं, त्याला ओढून-ढकलून आणणाऱ्या दोन छोट्या टगबोटी त्याच्या अंगाला लागलेल्या. ते म्हणाले, रिकामं नाही, भरलेलं आहे, बघ किती खाली बसलंय. मग पुढच्या टोकावर कोण उभं असेल, दोर कसा फेकतात, पाण्याची ओढ बघून किती सैल सोडायचा, हे सगळं सांगत राहिले. चढावावरही थांबले नाहीत. त्या वेळी माझ्या लक्षात आलं, की पाच वर्षं हे गप्प नव्हते, यांना दम लागत होता. साडेआठ किलो पाठीवर घेऊन चढणारा माणूस काय बोलणार?

आम्ही कातळाच्या कडेला बसलो. बॅग मी मांडीवर घेतली.

जहाज धक्क्याच्या जवळ आलं तसा त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, एकदा असंच बंदरात जहाज लावताना ताणलेला दोर तुटला होता. सुटलेलं टोक चाबकासारखं आलं. यांच्या शेजारी उभा असलेला गडी, संगमेश्वरकडचा, त्याच्या पायावर बसलं. पाय गेला. क्षणभरापूर्वी दोघांनी जागा बदलली होती, कारण त्या गड्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं.

‘तुम्ही कधी सांगितलं नाहीत,’ मी म्हटलं.

‘फोनवर काय सांगायचं? तू इथं एकटी, पोर लहान. आणि घरी आलो की सुट्टी संपायची.’

मग त्या गड्याचं काय झालं, ते विचारलं. त्याने गावी किराणा दुकान टाकलं, यजमान दर सुट्टीत एकदा त्याला भेटून यायचे. मला वाटायचं, हे संगमेश्वरला कुणा पाव्हण्याकडे जातात. गडी दोन वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको आणि मुलगा दुकान चालवतात. मी म्हटलं, मला त्यांना भेटायचंय. ते बरं म्हणाले.

जहाज धक्क्याला लागलं, टगबोटी सुटून मागे आल्या. ऊन उतरलं होतं, पाण्यावर तांबूस रंग आला होता आणि खाडीच्या तोंडाशी मच्छीमार होड्या आत शिरत होत्या. फोटो काढायला याहून चांगली वेळ नसते. त्यांनी विचारलं, ‘काढलास का काही?’

बॅगेची चेनसुद्धा मी उघडली नव्हती. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग काढ, अजून उजेड आहे. मी म्हटलं, तुम्ही सांगा आधी, तो गडी पहिल्यांदा दुकानात बसला तेव्हा काय म्हणाला.

ते सांगायला लागले.